आरएक्स-८ : रोटरी इंजिनाला टू-टी ऑइलची वेगळी टाकी लावावी का?

यारा_काठ
नमस्कार मंडळी. मेलबर्नला असतो. माझ्याकडे २००५ ची माझदा आरएक्स-८ आहे, सहा गिअरची, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारी. रोटरीबद्दल मराठीत फारसं कुठे बोललं जात नाही, म्हणून धागा काढतोय. पिस्टनवाल्यांनीही बिनधास्त यावं.

ज्यांनी हे इंजिन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तिकोनी रोटर एका लांबट, मध्ये किंचित आवळलेल्या हाउसिंगमध्ये फिरतो. रोटरच्या तिन्ही टोकांना खाचेत एकेक पट्टी बसवलेली असते, तीच एपेक्स सील. ही पट्टी हाउसिंगच्या क्रोम केलेल्या भिंतीवर सतत घासत जाते. पिस्टनच्या इंजिनात खालून उडणारं ऑइल सिलिंडरच्या भिंतीला लागतं, इथे तसा रस्ताच नाही. म्हणून माझदाने एक छोटा मीटरिंग पंप दिलाय. तो चेंबरमधलंच (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातलं) इंजिन ऑइल थोडं थोडं उचलून हाउसिंगमध्ये सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. तेव्हा ही गाडी ऑइल पिते यात बिघाड काही नाही, तिची रचनाच तशी आहे.

आता प्रश्न. इंजिन ऑइल हे जाळण्यासाठी बनवलेलंच नसतं. शिवाय बदलून चार-पाच हजार किलोमीटर झाले की तेच काळं ऑइल सीलवर जात राहतं. यावर बाहेर एक उपाय प्रचलित आहे. पंप आणि इंजिनाचं पुढचं कव्हर यांच्या मध्ये एक अ‍ॅडॉप्टर बसवायचा (सोन अ‍ॅडॉप्टर म्हणतात त्याला). चेंबरकडून येणारी वाट बंद होते आणि पंपाला बॉनेटखालच्या वेगळ्या टाकीतून स्वच्छ टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर जाळतात ते) मिळतं. किती सोडायचं ते पंप पूर्वीसारखंच ठरवतो.

इथल्या एका वर्कशॉपमध्ये विचारलं तर "काही गरज नाही" एवढंच उत्तर मिळालं. गरज नसेल तर का नाही, हे मला समजून घ्यायचंय. कोणी वापरलाय का?

आकुर्डीची_चेतक
अरे, ही तर कायनेटिक होंडाची पद्धत झाली! तिला टू-टीची टाकी वेगळी होती आणि ऑइल संपत आलं की समोर दिवा लागायचा. आमच्या चेतकला मात्र पंपावर उभं राहून "साहेब, ऑइल मारा" म्हणावं लागायचं. बाकी या इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, पण शेवटपर्यंत वाचणार.

वंगणवाला
माझं रोजचं काम वंगणाचं आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

इंजिन ऑइलमध्ये कॅल्शियमची डिटर्जंट असतात आणि झीज थांबवायला जस्त व फॉस्फरसचं एक संयुग असतं. चेंबरमध्ये राहून काम करायला ही उत्तम. पण हेच ऑइल जाळलं की धातूंची राख मागे उरते. साध्या इंजिन ऑइलमध्ये सल्फेटेड राख साधारण १ टक्क्याच्या आसपास असते. टू-टीसाठी जासो या जपानी मानक संस्थेचं एफसी किंवा एफडी मानक घ्या, तिथे ०.२५ टक्क्यांच्या वर चालत नाही. वर चांगल्या कमी धुराच्या टू-टीमध्ये पॉलिआयसोब्युटिलीन घालतात. ते उष्णतेने तुटून जवळजवळ मागमूस न ठेवता निघून जातं. एपेक्स सील खाचेत मोकळी हलली पाहिजे, कार्बनने चिकटली की कॉम्प्रेशन गेलंच. म्हणजे मूळ कल्पना रसायनाच्या दृष्टीने बरोबर आहे. जस्त-फॉस्फरस एक्झॉस्टमध्ये गेलं नाही तर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही ते बरंच.

पण एक लक्षात घ्या. पेट्रोलमध्ये पटकन मिसळावं म्हणून बऱ्याच टू-टीमध्ये केरोसीनसारखं द्रावक आधीच घातलेलं असतं. पंप मोजतो तो घनफळ. एक मिली इंजिन ऑइलच्या जागी एक मिली टू-टी गेलं, तर त्यातलं खरं वंगण एक मिलीपेक्षा कमी असतं.

ऑकलंडकर
माझं मत सरळ आहे: पंपच काढून टाका, पेट्रोलच्या टाकीत टू-टी मिसळा.

न्यूझीलंडमध्ये रोटरीचं वेड मोठं आहे. इथे जुन्या आरएक्स-७ वाल्या (माझदाचीच आधीची रोटरी गाडी) दहा जणांना विचाराल तर बहुतेक हेच सांगतील. माझी १९८३ ची आहे, १२ए इंजिन. पंपाच्या जागी ब्लँकिंग प्लेट (भोक बंद करणारी पट्टी) बसवली आणि लिटरला साधारण ८ मिली टू-टी घालतो. नळी नाही, टाकी नाही, पंप नाही, मग बिघडणार काय? आणि जिथे पेट्रोल जातं तिथे ऑइल जातंच. वेगळी टाकी म्हणजे फुटायला आणखी चार जोड.

सई_ह्यूस्टन
मी १९८८ च्या आरएक्स-७ वर अ‍ॅडॉप्टर बरीच वर्षं वापरतेय, टेक्सासच्या उन्हाळ्यात. सविस्तर लिहिते, कारण बसवणं सोपं आहे आणि लोक चुकतात ते त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींत.

टाकी पंपापेक्षा उंचावर हवी. पंप लांबून ओढण्यासाठी बनवलेला नाही, ऑइल आपल्या वजनाने त्याच्याकडे यायला हवं. टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला छिद्र हवं, नाहीतर आत पोकळी तयार होऊन ऑइल हळूहळू येईनासं होतं, आणि हे कुठेही दिसत नाही. टाकी आणि पंपाच्या मध्ये फिल्टर हवा, पण कागदाचा अतिबारीक नको. थंडीत घट्ट झालेलं ऑइल त्यातून उतरत नाही. मी पेट्रोलच्या लाइनला वापरतात तसला जाळीचा घातलाय.

बसवल्यावर नळीतली हवा काढावी लागते. पंप एका वेळी इतकं कमी सोडतो की एक बुडबुडा पुढे सरकायला भरपूर वेळ लागतो, आणि तोवर सील कोरडी. म्हणून पहिली टाकी पेट्रोलमध्ये टू-टी मिसळून चालवायची, यात तडजोड नाही. पंपाकडून जेटकडे (ऑइल आत सोडणाऱ्या बारीक तोंडांकडे) जाणाऱ्या बारीक नळ्या अर्धपारदर्शक असतात. मागून टॉर्च धरला की आतला बुडबुडा दिसतो. इंजिन चालू ठेवून त्याच्या जागी नळीवर मार्करने खूण करायची आणि थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. चारही नळ्यांत तो पुढे सरकलेला दिसला तरच काम झालं.

तिसरी गोष्ट कोणीच सांगत नाही. अ‍ॅडॉप्टर लावला की डिपस्टिकवरचं ऑइल उतरणं बंद होतं, आणि लोक खूश होऊन ऑइल बदलायचं लांबवतात. रोटरीत पेट्रोल चेंबरमध्ये झिरपतं. पूर्वी आपण दर काही दिवसांनी ताजं ऑइल वर घालत होतो, त्याने थोडी सुधारणा होत होती. आता तीही नाही. तेव्हा ऑइल आधीच्याच अंतराने बदलायचं, किंबहुना थोडं लवकर.

चाकणचा_डिझायनर
@ऑकलंडकर, एक शंका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत घाट उतरताना गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल तोडतं. पेट्रोल बंद म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइलही बंद. इंजिन मात्र पाच-सहा हजारांवर फिरतंय आणि सील कोरड्या घासतायत. मीटरिंग पंप असेल तर तो त्या वेळीही ऑइल देतच राहतो. हे तुमच्या हिशोबात कुठे बसतं?

ऑकलंडकर
@चाकणचा_डिझायनर, मुद्दा रास्त आहे. माझ्या १२ए ला कार्ब्युरेटर आहे. पाय सोडला तरी त्यातून थोडं पेट्रोल जातच राहतं, त्यामुळे मला तो प्रश्न येत नाही. मुळात १२ए मध्ये कंपनीचा पंपही ऑइल कार्ब्युरेटरमध्येच सोडायचा, म्हणजे ते पेट्रोलबरोबरच आत जायचं. आरएक्स-८ ची गोष्ट वेगळी, हे मान्य.

आणि आरएक्स-८ चा पंप काढलाच, तर ईसीयू गप्प बसणार नाही. त्यात स्टेपर मोटर आहे, तिची जागा ईसीयू तपासतं. जुळलं नाही तर इशारा देऊन ताकद कापतं. सईताईंच्या १९८८ च्या गाडीत पंप यांत्रिक आहे, थ्रॉटलला दांडीने जोडलेला. १९८९ पासून इलेक्ट्रॉनिक आला.

बे_एरिया_भाऊ
कॅलिफोर्नियात कोणी असेल तर सावधान. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्या सोडल्या तर स्मॉग तपासणी असते, आणि ते बॉनेट उघडून नजरेनेही बघतात. उत्सर्जनाशी संबंधित बाहेरच्या भागावर राज्याचा मंजुरी क्रमांक नसेल तर गाडी नापास होऊ शकते.

आकुर्डीची_चेतक
घाट उतरताना सील कोरडी, हे वाचून बोरघाटात न्यूट्रल टाकणाऱ्या आमच्या एका मित्राची आठवण झाली. तो म्हणायचा, इंजिनाला विश्रांती देतोय. रोटरीच्या बाबतीत भला माणूस बरोबर निघाला असता, ब्रेकच्या बाबतीत नाही!

तोक्यो_मिसळ
ही कल्पना नवी नाही, कारखान्यातूनच आलेली आहे. सुझुकीने १९७४ ते १९७६ मध्ये आरई-५ ही रोटरी मोटारसायकल काढली, एका रोटरची, ४९७ सीसी. तिला बेअरिंग आणि रोटर थंड ठेवायला चेंबरमधलं ऑइल होतंच, पण सीलसाठी वेगळी ऑइल टाकी होती. त्याच सुमारास जर्मनीत हर्क्युलस डब्ल्यू-२००० आली. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, नंतरच्या मॉडेलला पंप आला. म्हणजे आज या धाग्यावर जो वाद चाललाय तो पन्नास वर्षांपूर्वी इंजिनिअर लोकांनी घालून झालाय, आणि तेही वेगवेगळ्या उत्तरांवर पोचले.

सीलचं दुखणं तर त्याहून जुनं. एनएसयू या जर्मन कंपनीकडून परवाना घेऊन माझदाने काम सुरू केलं तेव्हा हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओळीने ओरखडे उठायचे. हिरोशिमात त्यांना 'सैतानाची नखं' म्हणायचे. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांची तुकडी त्यावर बसवली होती. अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या कार्बनची सील करून त्यांनी ते सोडवलं आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी आलेल्या एनएसयू आरओ-८० ला सीलच्या झिजेनेच बेजार केलं. एका पट्टीवर अख्ख्या कंपनीचं नशीब टांगलेलं होतं. मला या इंजिनाचं प्रेम आहे ते यामुळे.

उद्यमनगर_काका
पोरांनो, छान चाललंय. रोटरी मी कधी उघडली नाही, पण कोल्हापुरात पंपाचे भाग आयुष्यभर केलेत, म्हणून दोन शब्द.

असली मधली पट्टी बघायला सोपी, पण तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना अगदी समांतर लागतात. पंप जराही तिरका बसला की त्याचा ड्राइव्हचा दांडा एका बाजूला दाबून चालतो आणि वर्म (स्क्रूसारखा गिअर) घासायला लागतो. चेंबरची वाट आणि टाकीची वाट यांच्या मधला ओ-रिंग नीट बसला नाही तर टू-टी गुपचूप चेंबरमध्ये उतरतं. बाहेर थेंब दिसत नाही, नुसती डिपस्टिकवरची पातळी वाढत राहते. तेव्हा सईबाईंनी सांगितलं तसं डिपस्टिक बघणं सोडू नका, उतरण्यासाठी नाही तर चढण्यासाठी बघा.

नळी नायट्राइल रबराची, पेट्रोल-ऑइलला चालणारी. दुकानात मिळते ती स्वच्छ पारदर्शक पीव्हीसी दिसायला देखणी, पण गरम जागी काही महिन्यांत काठीसारखी ताठ होते आणि जोडापाशी निसटते.

यारा_काठ
काका, बरं झालं लिहिलंत. मी पारदर्शकच आणणार होतो, पातळी दिसावी म्हणून.

सगळं वाचतोय. सईताई, टाकी रिकामी झाली तर?

सई_ह्यूस्टन
तर इंजिन संपलं. सगळ्यात मोठा धोका हाच. मूळ रचनेत चेंबरमधलं ऑइल कमी झालं तर निदान वॉर्निंग आहे, डिपस्टिक आहे. वेगळ्या टाकीला आपण लावू तेवढीच राखण. फ्लोट स्विच आणि डॅशबोर्डवर दिवा असल्याशिवाय हे काम करूच नये असं माझं ठाम मत आहे. स्विच तळाशी बसवू नका, पाव टाकी उरली असतानाच दिवा लागू दे. आणि चावी फिरवली की क्षणभर पेटून विझेल अशी जोडणी करा, म्हणजे बल्ब गेलाय का तेही कळतं. कायनेटिक होंडावाल्यांनी दिवा दिला तो उगाच नाही.

चाकणचा_डिझायनर
इतकं वाचल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आरएक्स-८ बाबत एक गोष्ट निसटतेय.

अ‍ॅडॉप्टर ऑइलची जात बदलतो. किती जातं आणि कुठे पडतं, हे बदलत नाही. आणि २००५ च्या आरएक्स-८ चं दुखणं नेमकं या दोन गोष्टींत आहे. या पहिल्या मालिकेत प्रत्येक रोटरला ऑइलचे दोनच जेट आहेत, दोन्ही कडांच्या बाजूला. एपेक्स सीलच्या मधल्या भागाला ऑइल कमी पोचतं. २००९ च्या मॉडेलपासून माझदाने प्रत्येक रोटरला मध्यभागी तिसरा जेट दिला आणि पंपही विजेवर चालणारे केले. कंपनीला रचना बदलावीशी वाटली याचा अर्थ आपण समजून घ्यावा. अमेरिकेत २००४ ते २००८ च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १,००,००० मैल केली होती, तेही याच पिढीसाठी.

वंगणवाला यांनी द्रावकाचं सांगितलं ते इथे जोडून बघा. दोन जेटवाल्या गाडीत नुसता अ‍ॅडॉप्टर लावला, तर आधीच कमी असलेलं वंगण आणखी थोडं कमी होईल. स्वच्छ, पण कमी.

वंगणवाला
अगदी बरोबर. म्हणूनच त्या गाडीला दोन्ही द्यावं असं मला वाटतं. पंप चालू ठेवायचा, म्हणजे उतारावरही कडांना ऑइल मिळेल. आणि पेट्रोलमध्ये अर्ध्या मात्रेने टू-टी मिसळायचं, लिटरला ४ मिली. ते पेट्रोलबरोबर सगळीकडे पसरतं, सीलच्या मधल्या भागालाही लागतं. ६० लिटरची टाकी भरली तर २४० मिली. आधी टू-टी ओतायचं, मग पेट्रोल भरायचं, म्हणजे आपसूक ढवळलं जातं.

ऑकलंडकर
मग वेगळ्या टाकीची गरज काय उरली? मिश्रणाने मधला भाग सांभाळला, पंपाने कडा.

वंगणवाला
उरते, पण कमी. राख आणि कार्बनचा प्रश्न कडांनाही आहे. मला विचाराल तर क्रम असा: आधी मिश्रण, कारण ते आजच्या आज करता येतं आणि कमी खर्चाचं आहे. अ‍ॅडॉप्टर त्यानंतर, तोही इंजिन आतून धडधाकट असेल तरच.

सई_ह्यूस्टन
यावर माझं दुमत नाही. माझ्या गाडीत दोन्ही चालू आहे. एक जोडते: अ‍ॅडॉप्टरच्या आधी जेट तपासा. जेटला ऑइलच्या नळीखेरीज हवेचीही एक नळी असते. इनटेकमधल्या व्हॅक्युमने ऑइल ओढून नेऊ नये म्हणून जेटमध्ये ती हवा सोडतात. त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह बिघडला की ऑइल उलट हवेच्या नळीत चढतं. जेट काढून हवेच्या तोंडाने फुंकून बघायचं, हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. दोन्हीकडून जात असेल तर तो जेट बदला, मग टाकीत काय भरायचं ते बघू. आणि त्या बारीक नळ्यांना इंजिन गार असताना हात लावू नका. वीस वर्षं उष्णता खाऊन त्या बिस्किटासारख्या मोडतात. कोमट असताना थोड्या वाकतात तरी.

तोक्यो_मिसळ
अवांतर: २०२३ मध्ये माझदाने एमएक्स-३० मध्ये रोटरी परत आणली, ८३० सीसीचा एकच रोटर, फक्त वीज बनवण्यासाठी. त्यात एपेक्स सील २.५ मिलिमीटर जाड केलीय, आरएक्स-८ मध्ये २ होती. म्हणजे त्या पट्टीवर अजून काम चालूच आहे. इति अवांतर.

यारा_काठ
मंडळी, मनापासून आभार. वर्कशॉपमध्ये जे मिळालं नाही ते इथे मिळालं.

दरम्यान कॉम्प्रेशन बघून घेतलं. (पिस्टनवाल्यांसाठी: साधा गेज इथे चालत नाही. तो रोटरच्या तीन बाजूंतला सर्वांत मोठा आकडाच धरून ठेवतो. तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारा रोटरीचा टेस्टर लागतो.) २५० आरपीएमला पुढचा रोटर ७.६, ७.५, ७.७ आणि मागचा ७.२, ७.१, ७.३. माझदाची किमान मर्यादा ६.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे पास, पण मागच्या रोटरकडे लक्ष ठेवावं लागणार.

तर ठरवलंय असं. लिटरला ४ मिली मिश्रण आजपासून, एफडी दर्जाचं. जेट आणि चारही नळ्या उतरवून तपासणार, नळ्या नव्याच घालणार. मग सहा महिन्यांनी पुन्हा कॉम्प्रेशन. मागचा रोटर तिथेच टिकला तर अ‍ॅडॉप्टर, फ्लोट स्विच आणि दिव्यासकट.

@उद्यमनगर_काका, टाकीसाठी अ‍ॅल्युमिनियम घ्यावं की स्टेनलेस? जागा बॅटरीच्या बाजूला मिळतेय, एक्झॉस्टपासून लांब.

उद्यमनगर_काका
अ‍ॅल्युमिनियम चालेल, हलकं पडतं. पण ब्रॅकेट आणि टाकीच्या मध्ये रबर घाल, नाहीतर थरथरून वेल्डला चीर जाते. आणि खालचा निपल तळाला टेकवून लावू नको, बोटभर वर ठेव, म्हणजे तळाचा गाळ नळीत जाणार नाही. फ्लोट त्या निपलच्या वर किती येतोय ते मोजून मला कळव, मग दिवा कुठे लागेल ते सांगतो.

सई_ह्यूस्टन
जेट काढलेत की त्यांचे फोटो इथे टाका. वॉशर जुनेच परत लावू नका.